सरासरी सगळ्यात कमी भावापेक्षाही खाली येतीये, ॲरे इंडेक्सचं नक्की काय चुकतंय?

लासलगावची_लेक
नमस्कार सगळ्यांना. मी नाशिकरोडला बीसीएच्या फर्स्ट इयरला आहे, प्रोग्रॅमिंग ह्याच वर्षी सुरू झालंय, आधी कधी हातच लावला नव्हता. प्रॅक्टिकलला ॲरे (एकाच नावाखाली ओळीने ठेवलेली घरं) वापरून स्वतःच्या मनाने एक प्रोग्रॅम लिहून आणा म्हणाले तर मी घरचाच विषय घेतला. पप्पा लासलगावला कांदा नेतात आणि रोजचा क्विंटलचा भाव वहीत लिहून ठेवायची त्यांची जुनी सवय आहे. त्यातले सोमवार ते शनिवार सहा दिवसांचे घेतले, १४५०, १५२०, १३९०, १६१०, १५८०, १४९०, आणि सरासरी काढायची, बस एवढंच.

सी भाषेत इंट भाव[६] (इंट म्हणजे पूर्णांक) असा ॲरे केला आणि लूप आय = १ पासून आय <= ६ पर्यंत फिरवला, कारण दिवस सहा आहेत. लॅबमध्ये उत्तर आलं १२६५. तीच फाईल घरच्या लॅपटॉपवर रन केली तर ६७२६. एक अक्षर बदललेलं नाही तरी! मग तोच प्रोग्रॅम जावामध्ये लिहिला तर तिथे उत्तरच नाही, डायरेक्ट लाल अक्षरात ॲरे इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स एक्सेप्शन आणि पुढे इंडेक्स ६ आउट ऑफ बाउंड्स फॉर लेंथ ६. मॅडम घाईत होत्या, त्यांनी <= काढून नुसतं < कर एवढं सांगितलं. केलं, एरर गेली, उत्तर आलं १२६५. लॅबमध्ये सीमध्येही १२६५च आलं होतं त्यामुळे मला वाटलं जुळलं, जर्नलमध्ये लिहूनही टाकलं.

रविवारी घरी गेल्यावर पप्पांना दाखवलं तर ते वही न उघडताच म्हणाले, अगं त्या आठवड्यात सगळ्यात पडेल भावच १३९० होता, सरासरी त्याच्या खाली कशी जाईल. आणि मग माझं डोकंच बंद पडलं. दोन भाषांत तेच उत्तर येतंय, एरर पण नाहीये, तरी चूक कशी? आणि सहा घरांच्या ॲरेमध्ये सहावं घर नाही असं जावा का म्हणतंय? मला नुसता दुरुस्त कोड नकोय, कोड मिळेल कुठूनही, हे होतं कसं ते समजून घ्यायचंय.

रामकुंड_२२
वडील बरोबर आहेत. इंडेक्स ० पासून सुरू होतो आणि तू १ पासून फिरवलास, म्हणजे सोमवारचा १४५० तू मोजलाच नाहीस. मंगळवार ते शनिवारची बेरीज ७५९०, तिला ६ ने भागलं की बरोब्बर १२६५. पाच दिवसांची बेरीज सहा दिवसांत वाटली गेली. खरी बेरीज ९०४०, भागिले ६ म्हणजे १५०६. लूप ० पासून आणि < ६ पर्यंत, दोन्ही टोकं बदल. मॅडमनी सांगितलेलं चूक नव्हतं, फक्त अर्धं होतं.

सातपूरची_ताई
वरचं उत्तर बरोबर आहे पण हिने "कसं होतं" विचारलंय, आणि तोच प्रश्न धरून ठेव गं, कारण मी गेली अकरा वर्षं हेच काम करतीये आणि नवीन येणारी मुलं < आणि <= आलटून पालटून बघतात आणि एरर गेली की पुढे जातात, तुझ्या वडिलांसारखं उत्तराकडे कुणी बघत नाही.

पहिली गोष्ट, इंडेक्स म्हणजे "कितवा" नाही. इंडेक्स म्हणजे सुरुवातीपासून किती घरं ओलांडायची. गंगापूर रोडवरची कुठलीही बिल्डिंग घे, तळमजला धरून सहा मजली. तळमजल्यावर राहणाऱ्याला एकही जिना चढायचा नाही, म्हणून लिफ्टमध्ये बऱ्याच ठिकाणी तळमजल्याला ० असतो. सगळ्यात वर राहणारे पाचव्या मजल्यावर राहतात, सहाव्या नाही, तरी मजले मोजले तर सहाच भरतात. सहा जिने चढलीस तर तू कुणाच्या घरी नाही, गच्चीवर पोचतेस. भाव[६] म्हणजे ती गच्ची.

आता मेमरीत बघ. समजा ॲरे ५००० ह्या पत्त्यावर सुरू झाला आणि एका इंटला ४ बाइट लागतात. मग भाव[०] ५००० वर, भाव[१] ५००४ वर, असं करत भाव[५] ५०२० वर. हिशोब एकच, सुरुवातीचा पत्ता अधिक इंडेक्स गुणिले ४. पहिल्याला ० का, तर सुरुवातीपासून त्याचं अंतर ० आहे म्हणून. भाव[६] मागितलंस की मशीन ५०२४ चा पत्ता काढतं, आणि ती जागा तुझ्या ॲरेची नाहीच. पण जागा तर आहे ना, मेमरी तिथे संपलेली नाही, तिथे काहीतरी पडलेलं असणार. गच्चीवर गेलं तर कधी मोकळीच असते आणि कधी कुणाचे पापड वाळत घातलेले असतात, तसंच. तुझ्या लॅबच्या मशीनवर तिथे ० होता म्हणून ७५९० मध्ये काही मिळालं नाही आणि १२६५ आलं. घरी तिथे भलताच मोठा आकडा पडलेला होता, तो बेरजेत गेला आणि ६७२६ आलं. उलटा हिशोब करून बघ, ६७२६ गुणिले ६ वजा ७५९०, तो भलता आकडा साधारण केवढा होता ते तुझं तुलाच कळेल. आणि जावामध्ये < केल्यावर तू गच्चीवर गेलीच नाहीस पण तळमजलाही सोडलास, म्हणून पुन्हा ७५९० भागिले ६. म्हणजे दोन भाषांतली १२६५ ही वेगवेगळ्या चुकांनी आलेली सारखी उत्तरं आहेत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, दोन उत्तरं जुळली म्हणून बरोबर असं धरू नकोस, कागदावर एकदा हाताने कर.

सी गप्प का बसतं, तर सीमध्ये ॲरेबरोबर त्याची लांबी कुठे लिहून ठेवलेलीच नसते. १९७२ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी ती भाषा बनवली ती ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला, वेग पाहिजे होता, प्रत्येक वेळी तपासत बसणं परवडणारं नव्हतं. ॲरेच्या बाहेर गेल्यावर काय होईल ह्याची सी काहीच हमी देत नाही, त्याला अनडिफाइन्ड बिहेव्हियर म्हणतात. जावामध्ये प्रत्येक ॲरेला स्वतःची लांबी माहीत असते आणि दर वेळी इंडेक्स ० पेक्षा लहान आहे का किंवा लांबीएवढा वा जास्त आहे का हे बघूनच आत सोडतात. हे तपासणं जावाने शोधलं असंही नाही. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६० च्या दशकात एलियट कंपनीच्या मशीनसाठी अल्गॉल ६० भाषेचा कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) केला त्यात दर इंडेक्सची तपासणी होती, आणि बऱ्याच वर्षांनी ही तपासणी बंद करायची सोय देऊ का असं ग्राहकांना विचारलं तर सगळे नाही म्हणाले, हे त्यांनी स्वतः १९८० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितलंय. म्हणून त्या लाल अक्षरांना घाबरू नकोस. त्या ओळीत दोन आकडे दिलेत, मागितलेला इंडेक्स आणि असलेली लांबी. दोन्ही ६. दोन्ही सारखे दिसले की समज, एक पायरी जास्त चढलीस. ९० टक्के वेळा हेच असतं असं माझा अनुभव सांगतो.

लासलगावची_लेक
ताई गच्चीवरचे पापड डोक्यात बसले 🙏 उलटा हिशोब केला, ४०३५६ वजा ७५९० म्हणजे ३२७६६ च्या आसपास. एक मात्र अजून खटकतंय, लेंथ ६ म्हणायची आणि शेवटचा ५ म्हणायचा, दोन्ही एकाच ॲरेचे आकडे, परीक्षेत गडबड होणारच.

निफाडचा_बागायतदार
मी कॉम्प्युटरवाला नाही, मुलाच्या अभ्यासासाठी इथे येतो, पण हे वाचून राहवलं नाही. लेकी, तुझी जी गडबड आहे ती आमच्या बागेत दर वेळी होते. नवीन द्राक्षबाग उभी करताना ओळ २०० फुटांची, दर १० फुटांवर एक अँगल (लोखंडी खांब), तर अँगल किती लागतील? पटकन कुणीही २० म्हणतो. मीही पहिल्या बागेला २० च्या हिशोबाने आणले होते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटाला तार ओढायला अँगलच नाही, अठरा ओळी होत्या, अठरा अँगलसाठी परत पिंपळगावला टेम्पो पाठवला आणि मजूर दुपारपर्यंत बसून. गाळे २० असतात, अँगल २१ लागतात, कारण पहिला अँगल शून्य फुटावर उभा राहतो. तेव्हापासून मी एकच करतो, हिशोब करायच्या आधी स्वतःला विचारतो की आपण गाळे मोजतोय का अँगल मोजतोय. तुझ्याकडे लेंथ म्हणजे गाळे आणि इंडेक्स म्हणजे गाळा जिथून सुरू होतो त्या अँगलचा नंबर असं धर. शेवटचा गाळा ५ नंबरच्या अँगलपासून सुरू होतो. ६ नंबरच्या अँगलला ओळ संपली, त्याच्या पुढे गाळाच नाही.

सातपूरची_ताई
दादा, हे पुस्तकात फेन्सपोस्ट एरर नावाने असतं, अगदी हेच, कुंपणाचे खांब आणि मधले गाळे. एड्सखर डायक्स्ट्रा यांनी ११ ऑगस्ट १९८२ ला मोजणी शून्यापासून का असावी ह्यावर छोटं टिपण लिहिलंय त्यातही मुद्दा असाच येतो, सुरुवात धरायची आणि शेवट सोडायचा, म्हणजे ० पासून ६ च्या आधीपर्यंत, की शेवट वजा सुरुवात केलं की किती घरं ते आपोआप मिळतं, अधिक एक वजा एक करत बसावं लागत नाही. लेकी, म्हणून लूपमध्ये < आणि समोर लेंथ. लेंथ वजा एक लिहून <= लावलं तरी उत्तर तेच येतं पण मग दर वेळी तो एक लक्षात ठेवावा लागतो.

अंबड_लिनक्सवाला
२० आणि २१ चा विषय निघालाच आहे तर एक खरी घटना सांगतो, कारण सीमध्ये हे फक्त "उत्तर चुकतं" एवढ्यावर थांबत नाही. १९ जुलै २०२४ आठवतोय का, जगभर विंडोजच्या मशीन निळ्या पडल्या, आपल्याकडेही विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून देत होते. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरचं एक अपडेट गेलं होतं. त्यांनीच नंतर कारण जाहीर केलं ते वाच, व्याख्येत २१ इनपुट होते आणि कोड प्रत्यक्षात २० च देत होता, नवीन अपडेटने २१ वा मागितला, लांबी तपासलेली नव्हती, ॲरेच्या बाहेरची जागा वाचली गेली आणि हे सगळं विंडोजच्या अगदी आतल्या भागात चालत असल्यामुळे अख्खी मशीनच बसली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन. २०१४ ची हार्टब्लीड नावाची सुरक्षेतली चूक पण ह्याच जातीची, पाठवणाऱ्याने सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवला आणि शेजारच्या मेमरीतलं एका वेळी ६४ केबीपर्यंत बाहेर दिलं गेलं.

हे झालं वाचण्याचं. बाहेर जाऊन *लिहिलं* तर अजून वाईट. माझं डिप्लोमाला असताना झालेलं सांगतो, १० घरांचा ॲरे, सगळीकडे ० भरायचे, लूप आय <= १०. प्रोग्रॅम थांबेचना. दोन तास गेले, कीबोर्ड बदलला, मशीन बदललं. मग शेजारच्या मुलीने लूपच्या आत आय प्रिंट करून बघायला सांगितलं, तर आकडे ० ते १० जायचे आणि परत १, २, ३. मेमरीत ॲरेला लागून पुढची जागा आयचीच होती, त्यामुळे ॲरेच्या ११ व्या घरात ० लिहिताना खरं तर आय स्वतःच ० होत होता आणि लूप पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक मशीनवर असंच होईल असं नाही, कंपायलर जागा कशा लावतो त्यावर आहे, पण त्या दिवशी मला मेमरी म्हणजे काय ते कळलं.

सी शिकताना लिनक्सवर जीसीसी कंपायलर असेल तर कंपाइल करताना ॲड्रेस सॅनिटायझर चालू कर, तो एकच ऑप्शन जास्तीचा द्यायचा, मॅन पेजमध्ये (लिनक्सच्या मदतीच्या पानात) सापडेल. सोबत डीबगचा ऑप्शनही दे म्हणजे बाहेर पाऊल टाकल्याबरोबर प्रोग्रॅम थांबवून कुठल्या ओळीत गेलीस ते सांगतो. तुझा तो १२६५ वाला प्रोग्रॅम लॅबमध्ये पहिल्याच रनला पकडला गेला असता. आणि स्ट्रिंगमध्ये लक्ष ठेव, नाशिकचं स्पेलिंग ६ अक्षरांचं आहे म्हणून कॅर (अक्षरांचा) ॲरे ६ चा घेतला तर चुकलं, शब्द संपला हे दाखवायला शेवटी नल लागतो, ७ चा घ्यायचा.

लासलगावची_लेक
बापरे, एवढं मोठं प्रकरण ह्या एकाच चुकीने. अजून एक विचारते, पप्पांच्या वहीत सगळे आठवडे सहा दिवसांचे नाहीत. सणाला किंवा काही कारणाने लिलाव बंद असला की पाचच भाव, दिवाळीच्या आठवड्यात तर तीनच. आणि पुढच्या सेमला हेच पायथॉनमध्ये फाईलमधून वाचून करायचंय. तिथेही ० पासूनच ना?

कॉलेजरोड_पायथॉन
हो, ० पासूनच. पण तुझा बंद दिवसांचा प्रश्न ० आणि १ पेक्षा मोठा आहे, आधी तोच घेतो. तू कोडमध्ये ६ हा आकडा हाताने लिहिलास ना, खरा धोका तिथे आहे. जावामध्ये ६ चा ॲरे करून पाचच भाव भरलेस तर सहाव्या घरात आपोआप ० असतो, एरर येणार नाही, आणि शून्य रुपये भाव धरून सरासरी पडेल. जितके भाव खरोखर भरलेत तेवढ्यांनीच भागायचं. पायथॉनच्या लिस्टमध्ये हे सोपं आहे, जेवढे ॲपेंड केलेस तेवढीच लांबी, आणि बेरजेसाठी इंडेक्स लागतच नाही, फॉर भ इन भाव असं थेट फिरवता येतं. जिथे इंडेक्सची गरज नाही तिथे वापरूच नकोस, नसलेला इंडेक्स चुकत नाही.

फाईल वाचताना बहुतेकांना एरर येते ती शेवटच्या ओळीवर. वहीतून टाइप करताना शेवटी एक जास्तीचं एंटर मारलेलं असतं, एक रिकामी ओळ राहते, तिला स्वल्पविरामावर तोडलं की एकच रिकामा तुकडा मिळतो, आणि तू तारीख झाल्यावर [१] म्हणजे भाव मागतेस जो नाहीच. मेसेज येतो लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज, आणि जावासारखा कितवा इंडेक्स आणि किती लांबी हे पायथॉन सांगत नाही, म्हणून त्या ओळीच्या आधी ती ओळ आणि तिच्या तुकड्यांची लांबी (लेन) दोन्ही प्रिंट करून बघ, लगेच सापडतं.

आणि पायथॉनमध्ये एक गोष्ट अशी आहे की मला स्वतःला ती आउट ऑफ रेंजपेक्षा जास्त घातक वाटते. तिथे -१ चालतो, -१ म्हणजे शेवटचं घर. आता तू "कालच्यापेक्षा किती वाढला" काढायला लूपमध्ये भाव[आय] वजा भाव[आय-१] लिहिणार, बरोबर? आय ० असताना आय-१ म्हणजे -१. जावा लगेच ओरडतो, इंडेक्स -१ आउट ऑफ बाउंड्स. पायथॉन काही बोलत नाही, गुपचूप शनिवारचा १४९० आणून देतो आणि सांगतो सोमवारी भाव ४० रुपयांनी उतरला. येणाऱ्या शनिवारचा भाव वापरून! आकडा इतका साधा दिसतो की कुणाला शंकाही येणार नाही. असा फरक काढताना लूप १ पासूनच सुरू करायचा, पहिल्या दिवसाला "काल" नाही म्हणून. फरकाला १ बरोबर आहे आणि बेरजेला ०, दोन्हीची कारणं वेगळी, पाठ करून जमणार नाही.

रामकुंड_२२
हे -१ चं मला पण माहीत नव्हतं, माझ्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये असाच फरक काढलाय, आज रात्री उघडून बघतो.

लासलगावची_लेक
सगळ्यांचे खूप आभार. काल बसून परत लिहिलं, ० पासून, < भाव.लेंथ, आणि भागतानाही ६ न लिहिता भाव.लेंथ. उत्तर १५०६. जर्नलचं ते पान मॅडमना दाखवून बदलून घेतलं, त्यांनी उलट पुढच्या तासाला फळ्यावर १२६५ लिहून सगळ्या वर्गाला विचारलं की हे कसं आलं असेल. गावी फोन करून पप्पांना १५०६ सांगितलं तर ते म्हणाले थांब, आणि कॅल्क्युलेटरवर करून म्हणाले १५०६ नाही, १५०६.६६ येतंय, एका ट्रॉलीला वीस-पंचवीस क्विंटल माल असतो, ६६ पैसे सोडून कसं चालेल. आता हे कुठे गेले?

सातपूरची_ताई
😀 वडिलांना इथेच घेऊन ये. बेरीज पण इंट आणि लेंथ पण इंट, मग भागाकारही इंटमध्येच होतो आणि पॉइंटच्या पुढचं कापलं जातं, राउंडही होत नाही, नाहीतर १५०७ आलं असतं. भागायच्या आधी बेरजेला डबल (म्हणजे दुप्पट नाही, दशांश ठेवणारा प्रकार) कर, आणि उत्तर ठेवायचं व्हेरिएबलही डबलच घे. भागून झाल्यावर डबल केलंस तर १५०६.० येईल, कारण पैसे आधीच गेलेले असतात.

लासलगावची_लेक
केलं. १५०६.६६ आलं, पुढे भरपूर सहा आहेत आणि शेवटी एक सात. पप्पांना स्क्रीनशॉट पाठवलाय. आता मागच्या वर्षाची अख्खी वही टाइप करायला घेतलीये, बंद दिवसांसकट.